दुरुस्तीला वाली हवा

‘बऱ्हाणपूर’ हा शब्द मराठीत नीट उमटायचा, तर त्यातला अर्धा र पुढच्या अक्षराला आडवा, वळण घेऊन चिकटावा लागतो. तोच र रफार होऊन ‘ह’च्या डोक्यावर चढला, की शहराचं नाव ‘बर्हाणपूर’ होतं. अँड्रॉइड मोबाइलवर हे नाव बरोबर दिसतं ते आपोआप नव्हे. अँड्रॉइडच्या मुळाशी लिनक्स आहे, अक्षरं जुळवण्याचं काम त्यात हार्फबझ नावाची प्रणाली करते आणि दोन्ही मुक्तस्रोत आहेत. त्यांचा कोड कोणीही वाचावा, बदलावा, दुसऱ्याला द्यावा. या मोकळेपणाचं कौतुक भरपूर होतं. पण कोड खुला असल्याने मिळतो तो दुरुस्तीचा हक्क, दुरुस्ती नव्हे. हा हक्क रोजच्या रोज बजावणारं कोणी नसेल, तर खुला कोडही बंद कोडाइतकाच कुजतो. म्हणूनच मुक्त प्रणालीवर आपला कारभार चालवणाऱ्या प्रत्येक संस्थेने तिच्या देखभालीचा वाटा उचललाच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

त्या आडव्या ‘र’कडेच जरा बारकाईने पाहू. संगणकात तो साठवण्याच्या दोन रीती आहेत. एकीत खाली टिंब असलेला ऱ आणि हलन्त. दुसरीत साधा र, हलन्त आणि डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच, पण यंत्राच्या लेखी निराळे. एका रीतीने टाइप केलेलं ‘बऱ्हाणपूर’ दुसऱ्या रीतीने शोधलं, तर साध्या शोधाला ते सापडत नाही. हिंदीत हा र वापरत नाहीत, त्यामुळे केवळ हिंदी वाचणाऱ्या तपासनिसाच्या नजरेतून अशी चूक सहज सुटते. मराठी ल आणि श यांची वळणंही वेगळी. अशी तपासणीची आणि फॉन्टची कामं मराठी जाणणाऱ्यांनीच करायची आहेत, आणि महाराष्ट्रात त्यांचा पाया घातला गेला आहे. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने पुरवलेले ‘लोहित’ फॉन्ट रेड हॅट कंपनीने मुक्त परवान्याखाली खुले केले. २०११ मध्ये त्यांना फॉन्टसाठीच खास बेतलेला मुक्त परवाना मिळाला, आणि पुढे हिंदी, मराठी, कोकणी, नेपाळी असे वेगवेगळे फॉन्ट एका लोहित देवनागरीत आणले गेले. चार ठिकाणची दुरुस्ती त्यामुळे एका ठिकाणी आली. अशा कामाचा गाजावाजा होत नाही. पण मराठी संगणकावर टिकते ती अशाच कामांमुळे.

लिनक्सच्या गाभ्याची, म्हणजे कर्नलची, दुरुस्ती कशी होते तेही पाहण्यासारखं आहे. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केलेल्या या प्रकल्पात दुरुस्ती आधी मुख्य आवृत्तीत जाते, मग लोक प्रत्यक्ष वापरत असलेल्या स्थिर आवृत्त्यांत उतरते. तिथे नियम कडक आहेत. दुरुस्ती खऱ्या दोषावरचीच हवी, तपासलेली हवी आणि आजूबाजूच्या ओळी धरून शंभर ओळींपेक्षा मोठी नको. मूळ चूक कोणत्या बदलातून शिरली आणि ती कोणी कळवली, याची नोंद टिपणात ठेवण्याची रीत आहे. कर्नलसोबत ‘मेंटेनर्स’ नावाची एक फाइल असते. तिच्यात एकेका भागापुढे शेरा असतो. ‘सपोर्टेड’ म्हणजे या भागाकडे पाहण्याचा कोणाला तरी पगार मिळतो. ‘मेंटेन्ड’ म्हणजे कोणीतरी पाहतं. ‘ऑड फिक्सेस’ म्हणजे माणूस आहे, पण त्याला फारसा वेळ नाही. आणि ‘ऑर्फन’ म्हणजे अनाथ. कोड सर्वांचा असूनही त्याला वाली नसू शकतो, याची कबुली या प्रकल्पाने स्वतःच लिहून ठेवली आहे.

यावर पहिला आक्षेप असा, की चालत्या गाड्याला खीळ कशाला घालायची? दुरुस्तीनेही बिघाड होतो, हे खरंच आहे. डेबियन या लिनक्स प्रणालीत २००६ मध्ये साफसफाई म्हणून कोडमधून थोडा भाग काढला गेला आणि त्यामुळे तिथे बनणाऱ्या गुप्त किल्ल्या अंदाजाने ओळखता येण्याजोग्या झाल्या. हे उघडकीला आलं २००८ च्या मे महिन्यात. पण यातून निघणारा धडा दुरुस्ती थांबवण्याचा नाही, ती तपासणारे डोळे वाढवण्याचा आहे. शिवाय दोष जाहीर झाला, की तो चोरालाही कळतो. ‘चालतंय ना’ म्हणून अपडेट न घेतलेलं यंत्र त्या दिवसापासून उघड्या दाराचं घर असतं.

दुसरा आक्षेप असा, की कोड जगाला दिसतो, मग कोणीतरी करेलच. २०१४ मध्ये हा भरवसा फोल ठरला. ओपनएसएसएल या जगभरच्या संकेतस्थळांच्या सुरक्षेचा भार वाहणाऱ्या प्रकल्पात ‘हार्टब्लीड’ हा दोष सापडला. आलेल्या माहितीची लांबी तपासायचीच राहून गेली होती. त्या वेळी या प्रकल्पाला वर्षाकाठी देणगी मिळे ती जेमतेम २,००० डॉलर. दहा वर्षांनी, २०२४ मध्ये, फाइली दाबून लहान करणाऱ्या एक्सझेड या मुक्त प्रकल्पात एकट्याने भार वाहणाऱ्या देखभालकर्त्याचा विश्वास दोनेक वर्षं खपून मिळवलेल्या एका तोतयाने चोरवाट घुसवली. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा पाठपुरावा आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने केला म्हणून ती पकडली गेली. कर्नलच्या दीर्घकालीन आवृत्त्यांचा सांभाळ सहा वर्षांवरून दोनवर आणण्याचं २०२३ मध्ये जाहीर झालं, तेव्हाही देखभाल करणाऱ्यांवरचा ताण हे एक कारण होतं.

मग विकतचीच प्रणाली घ्यावी, असं कोणी म्हणेल. पण दोष तिच्यातही असतात, आणि कंपनीने हात वर केले की तिथे आपल्याला दुरुस्तीचा हक्कही उरत नाही. मुक्त प्रणालीत तो हक्क आहे. गरज आहे ती खर्चाची तयारी ठेवण्याची. शासकीय कार्यालयं, विद्यापीठं, बँका यांनी परवान्यावर वाचलेल्या पैशांतला ठरावीक भाग देखभालीसाठी राखून ठेवावा आणि निविदेत तसं कलमच घालावं. अभियांत्रिकी महाविद्यालयांनी विद्यार्थ्यांच्या नव्या अॅपइतकेच गुण स्वीकारल्या गेलेल्या एका दुरुस्तीलाही द्यावेत. आणि वाचकहो, प्रोग्रॅमिंग येत नसलं तरी तुमचा वाटा आहेच. मराठी अक्षर चुकीचं दिसलं, तर कोणतं यंत्र, कोणती आवृत्ती, काय टाइप केलं, काय दिसायला हवं होतं आणि काय दिसलं, एवढं पडद्याच्या चित्रासह त्या प्रकल्पाला कळवा. बऱ्हाणपूरचं नाव कुठे चुकतंय, हे मराठी वाचणाऱ्यालाच आधी दिसणार आहे.