कुठे आहे आणि कुठे गेली

माझी लेक रशियात डॉक्टरकी शिकते. मागच्या वर्षी एकदा सकाळपासून तिचा फोन लागेना. म्हणून तिच्याच मजल्यावर राहणाऱ्या एका रशियन मुलीला फोन केला. ती भराभर काहीतरी बोलली. मला त्यातला एकच शब्द ओळखीचा वाटला, बालनीत्सा. म्हणजे दवाखाना. माझे तर हातपायच गळाले. दुपारी लेकीचाच फोन आला. बाईसाहेब प्रॅक्टिकलला गेल्या होत्या!

"आई," ती म्हणाली, "ती 'व बालनीत्सु' म्हणाली असणार. तू शब्दाचा शेवट ऐकलाच नाहीस." त्या दिवसापासून मी शेवट ऐकायला शिकतेय.

बघा, आपण म्हणतो, "मुलगी दवाखान्यात आहे" आणि "मुलगी दवाखान्यात गेली". दोन्हीकडे 'दवाखान्यात'च. आहे की गेली, ते क्रियापद सांगतं. प्रश्नही एकच, कुठे? रशियनमध्ये मात्र प्रश्नच दोन. कुठे आहे, तर 'ग्द्ये'. कुठे निघाली, तर 'कुदा'. उत्तरात आधी 'व' येतो, म्हणजे आपला 'त', पण शब्दाच्या पुढे लागणारा. तो दोन्हीकडे तोच राहतो आणि बदलतो तो शब्दाचा शेवट. तिथे असेल तर 'व बालनीत्से', तिकडे निघाली असेल तर 'व बालनीत्सु'. मॉस्कोचंही तसंच. मास्क्वा हे शहराचं नाव. तिथे राहणारी 'व मास्क्वे', तिकडे निघालेली 'व मास्क्वू'. परत येताना 'व' जाऊन 'इज़' येतो, 'इज़ मास्क्वी', मॉस्कोहून.

आता म्हणाल, शब्द कशाला मोडायचा? अहो, आपणही शाळाचं 'शाळेत' करतोच की!

खरी डोकेदुखी 'ना'ची. 'ना' म्हणजे 'वर', पण काही ठिकाणांना 'व' चालत नाही, 'ना'च लागतो. स्टेशनला 'वाकज़ाल' म्हणतात. तिथे असलात तर 'ना वाकज़ाले', आपण 'स्टेशनवर' म्हणतो तसं. पण स्वयंपाकघरालाही 'ना', बाजारालाही 'ना', आणि पोस्टालाही! याला कारण विचारू नये, पाठ करावं. वाकज़ालसारखे निर्जीव वस्तूंचे पुल्लिंगी शब्द तिकडे जाताना बदलत नाहीत, नुसतं 'ना वाकज़ाल'. तेवढीच सुटका. आणि 'ना'ने गेलेला माणूस 'इज़'ने परत येत नाही, 'स'ने येतो, 'स वाकज़ाला'.

माणसाकडे जायचं असेल तर तिसरीच तऱ्हा. आपण "डॉक्टरांकडे गेले" आणि "डॉक्टरांकडे आहे" एकाच 'कडे'वर भागवतो. ते जाताना 'क व्राचू' म्हणतात, तिथे असताना 'उ व्राचा', आणि निघताना 'अत व्राचा'. व्राच म्हणजे डॉक्टर. लेकीला हे अगदी नीट यावं लागतं, कारण समोरचा पेशंट डॉक्टरांकडे जाऊन आलाय की अजून जायचाय, हे तिला त्याच्याच बोलण्यातून कळायचं असतं.

मला सगळ्यात आवडलेला शब्द घराचा. घरी आहे, तर 'दोमा'. घरी निघाले, तर 'दामोय'. पुढे 'व' नाही, 'ना' नाही. आपण दोन्ही वेळा 'घरी'च म्हणतो.

परवा तिने फोनवर विचारलं, "ग्द्ये?" मी म्हटलं, "ना कूख्ने." स्वयंपाकघरात. मग म्हणाली, "जुलैत दामोय!" या वेळी मला शेवटापर्यंत ऐकू आलं.