दोन प्रती, एकच पाऊस

रत्नागिरीतल्या त्या पतसंस्थेचा सर्व्हर सहा वर्षं कॅश काउंटरमागच्या खोलीत, जमिनीवर, एका लाकडी पाटावर होता. पाट कशासाठी, असं विचारल्यावर व्यवस्थापक मॅडम म्हणाल्या, "लादी पुसताना पाणी लागू नये म्हणून." तो सर्व्हर वरच्या मजल्यावर न्यायचं ठरलं त्या दिवशी मी तिथे होतो. पुढे महिनाभर सवड मिळेल तसा जात राहिलो.

संस्था लहान आहे. तिचे पिग्मी एजंट मिरकरवाडा बंदरावर फिरतात. मासे विकणाऱ्या बायका रोज पन्नास, कधी शंभर रुपये त्यांच्या हातात ठेवतात आणि छोट्या मशीनमधून निघालेली पावती कमरेच्या बटव्यात खोचतात. त्या पावतीमागचा सगळा हिशेब पाटावरच्या त्या डब्यात होता.

सर्व्हर बसवायला आलेला तरुण संगमेश्वरकडचा. त्याने आधी मल्टिमीटर काढला आणि न्यूट्रल व अर्थिंग यांच्यामधला दाब मोजला. अकरा व्होल्ट. "दोनच्या आसपास पाहिजे. यावर नवीन मशीन लावणार नाही," असं सांगून त्याने बॅग बंद केली. आमच्याकडचा जांभा पावसात ओल धरतो, पण एप्रिल-मेमध्ये इतका कोरडा होतो की अर्थिंग असून नसल्यासारखं. नेमकं तेव्हाच वळवाचा गडगडाट सुरू होतो आणि वीज केबलमधून आत शिरते. मागच्या अंगणात दोन दिवस खड्डा खणला गेला, त्यात तांब्याची पट्टी, मीठ आणि कोळसा भरला, वर पाणी घालायला पाइप ठेवला. मोजमाप दीड व्होल्टवर आल्यावरच यूपीएस जोडला. उन्हाळ्यात त्या पाइपात पाणी घालायची जबाबदारी शिपायाकडे लेखी दिली आहे. सर्व्हरच्या देखभालीतलं हे पहिलं कलम मला फार पटलं.

जुना डबा उघडला तेव्हा आत बारीक हिरवट थर दिसला. खारी, दमट हवा तांब्याला असंच खाते. नव्या खोलीत एसी आहे तो गारव्याइतकाच हवेतली ओल काढण्यासाठी.

नव्या सर्व्हरमध्ये दोन डिस्क आहेत. जे एकीवर लिहिलं जातं ते त्याच क्षणी दुसरीवरही. काउंटरवरच्या ताई म्हणाल्या, "म्हणजे बॅकअप झालाच की." तो तरुण थांबला. "नाही ताई. एक डिस्क बिघडली तर दुसरीवर काम चालेल, एवढंच. तुम्ही चुकून एखादं खातं पुसलंत तर ते दोन्हीकडून एकाच वेळी पुसलं जाणार. व्हायरसने कुलूप घातलं तर दोन्हींना घालणार." रोज संध्याकाळी ज्या बाहेरच्या डिस्कवर बॅकअप व्हायचा, ती दिवसरात्र सर्व्हरलाच लटकलेली असे. तिलाही तोच धोका होता. जुलै 2024 च्या अखेरीस सहकारी आणि ग्रामीण बँकांना तंत्रज्ञान पुरवणाऱ्या एका कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला आणि देशातल्या सुमारे 300 छोट्या बँकांचे पेमेंट व्यवहार थांबले. त्यामुळे लहान संस्थेकडे कोण बघणार, ही समजूत आता सोडायला हवी.

मग क्लाउडची चर्चा झाली. संचालकांना वाटत होतं, क्लाउड म्हणजे एकच काहीतरी वस्तू. प्रत्यक्षात समोर तीन वाटा होत्या. सॉफ्टवेअर कंपनीच्याच सर्व्हरवर सगळं काम न्यायचं आणि महिन्याचं भाडं भरायचं. किंवा मोठ्या डेटा सेंटरमध्ये आपला सर्व्हर भाड्याने घ्यायचा. किंवा काम इथेच ठेवून फक्त प्रत तिकडे पाठवायची. पहिल्या दोन वाटांत इंटरनेट गेलं की काउंटर बंद. महामार्गाच्या चौपदरीकरणात जेसीबीच्या दातांखाली केबल किती वेळा तुटली, हे इथल्या कुठल्याही दुकानदाराला विचारा. म्हणून तिसरी वाट ठरली. संस्थेचा सगळा डेटा, जुने स्कॅन धरून, 200 जीबी भरला. 10 एमबीपीएसच्या अपलोडवर तो चढायला चव्वेचाळीस तासांहून जास्त लागतात. शनिवारी संध्याकाळी सुरू केलेलं काम सोमवारी दुपारी संपलं. आता फक्त बदललेलं तेवढंच जातं, आणि तिकडची प्रत तीस दिवस कुणालाही, संस्थेलासुद्धा, पुसता येत नाही.

प्रत ठेवायची कुठे? "मुंबईत," असं सगळे एका सुरात म्हणाले. ॲमेझॉनचं मुंबईतलं क्लाउड केंद्र 2016 पासून आहे, जवळचं आहे. इथे मला राहवलं नाही. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला, त्याच पावसात चिपळूणही बुडालं होतं. कोकण आणि मुंबई एकाच ढगाखाली आहेत. डेटा सेंटर बुडेल असं नाही, पण वीज, रस्ते, केबल आणि माणसं एकाच दिवशी अडतात. आगीचंही तसंच. मार्च 2021 मध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला एक डेटा सेंटर जळालं, तेव्हा ज्यांचा बॅकअपही त्याच आवारात होता त्यांचं दोन्ही गेलं. शेवटी प्रत हैदराबादला ठेवायची ठरली. 2022 पासून तिथेही तशी सोय आहे, आणि मध्ये सह्याद्री आहे.

माझा आग्रह चिपळूणमुळे होता. 22 जुलै 2021 च्या पुरानंतर मी तिथे गेलो तेव्हा बाजारपेठेत दुकानांपुढे चिखलाने भरलेले सीपीयू वाळत ठेवले होते. 1864 पासूनच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात 2005 नंतर दुसऱ्यांदा पाणी शिरलं होतं. छापील पुस्तकाची दुसरी प्रत जगात कुठेतरी सापडू शकते, खातेवहीची सापडत नाही. त्याच पुरात चिपळूणच्या एसटी आगारप्रमुखांनी सहकाऱ्यांसह सुमारे नऊ लाखांची रोकड घेऊन बसच्या टपावर तासन्‌तास काढले होते. रोकड उचलून टपावर नेता येते. पासवर्ड एकाच्या डोक्यात आणि डेटा तळमजल्यावर असेल, तर उचलायचं काय?

हैदराबादची प्रत तयार झाल्यानंतरच्या एका रविवारी आपत्तीची तालीम झाली. सकाळी 10 वाजून 10 मिनिटांनी सर्व्हरची पिन काढली. सर्व्हर नाही असं समजून वेगळ्या मशीनवर सगळं उभं करायचं होतं. क्लाउडचं खातं उघडेना, कारण ओटीपी निवृत्त झालेल्या व्यवस्थापकांच्या फोनवर जात होता. ते लग्नाला गेले होते. डेटा उतरला, तर सॉफ्टवेअर चालेना. त्याचा हार्डवेअर लॉक, ती बोटाएवढी पेनड्राइव्हसारखी वस्तू, बंद केलेल्या सर्व्हरमध्येच होती आणि तालमीच्या नियमाने ती बुडालेली होती. तात्पुरता परवाना मिळायला दोन तास गेले. शेवटी खाती दिसली, पण नावांच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी! जुन्या नोंदी युनिकोडपूर्वीच्या मराठी फॉन्टमध्ये होत्या आणि तो फॉन्ट या मशीनवर नव्हता. रक्कम आहे, पण ती कुणाची हे वाचता येत नाही. खोलीतला कुणी काही बोलेना.

फॉन्ट सापडला. शनिवारी रात्री छापलेली तेरीज मॅडमनी पुढे ओढली आणि पडद्यावरच्या आकड्यांशी ताडून पाहिली. पैशापर्यंत जुळली. 3 वाजून 35 मिनिटं झाली होती.

किती जुनी प्रत चालेल आणि किती वेळात पुन्हा उभं राहायचं, या दोन प्रश्नांवरच आपत्तीची सगळी आखणी उभी असते. त्यांची उत्तरं संचालकांनी त्या दिवशी दिली: दोन तासांपूर्वीची प्रत आणि त्याच दिवसाची संध्याकाळ. ओटीपी आता दोघांच्या फोनवर येतो. परवान्याची कागदपत्रं, फॉन्ट आणि क्रमवार सूचना एका जाड वहीत आहेत. वहीची एक प्रत संस्थेत, दुसरी अध्यक्षांच्या घरी, टेकडीवर. रोज संध्याकाळी शिल्लक यादी छापली जाते. जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडच्या गावांत वीज आणि मोबाइल दोन्ही गेले होते. अशा वेळी हैदराबादची प्रत सुरक्षित असली तरी इथल्या माणसाला औषधापुरते पैसे त्या छापील यादीवरूनच देता येतात.

दुसऱ्या तालमीला एक तास पन्नास मिनिटं लागली.

पतसंस्थांच्या वार्षिक सभा सप्टेंबरअखेरपर्यंत होतात. तुमच्या संस्थेच्या सभेत लाभांशाचा विषय झाला की उठून विचारा: बॅकअप शेवटचा कधी परत उतरवून पाहिला, आणि किती वेळ लागला? उत्तरात तारीख आणि मिनिटं ऐकल्याशिवाय खाली बसू नका.