१०८ वर्षांची प्रतीक्षा आणि एक महागडा सौदा

जुलै २०१६. शिकागो कब्ज या बेसबॉल संघाने न्यूयॉर्क यांकीजकडून अरोल्डिस चॅपमन हा तुफान वेगाचा डावखुरा पिचर घेतला, बदल्यात चार खेळाडू दिले. त्यांतला ग्लेबर टोरेस अवघा १९ वर्षांचा, कब्जच्या तरुण फळीतला सर्वांत गुणी खेळाडू. आणि चॅपमनचा करार हंगामाअखेर संपणार होता! शिवाय घरगुती हिंसाचारविषयक धोरणाखाली लीगने त्याच्यावर ३० सामन्यांची बंदी घातली होती. अशा खेळाडूला घेणं मला आजही खटकतं.

पण कब्जने १९०८ नंतर वर्ल्ड सिरीज जिंकलीच नव्हती. त्या वर्षीच्या या अंतिम मालिकेत क्लीव्हलँड ३-१ ने पुढे असताना पाचव्या सामन्यातले शेवटचे आठ फलंदाज चॅपमनने एकट्याने बाद केले. सातव्यात क्लीव्हलँडच्या राजाय डेव्हिसने त्यालाच होमरन मारून बरोबरी साधली, तरी दहाव्या इनिंगमध्ये कब्ज ८-७ असे जिंकले.

डिसेंबरमध्ये चॅपमन यांकीजकडे परतला. टोरेसने २०१९ मध्ये तब्बल ३८ होमरन ठोकले. कागदावर कब्जचा तोटाच. पण पाचवा सामना हरले असते, तर मालिका तिथेच संपली असती. म्हणून माझ्या मते हा सौदा योग्यच होता. तुम्ही टोरेसला सोडलं असतं का? नक्की लिहा.