काशीला दोघंच जाताना

सुगीची कामं उरकली की गावात काशीयात्रेचा विषय निघतोच. पूर्वी माणसं जथ्यानं जायची. आता पोरं तिकिटं काढून देतात आणि नवरा-बायको दोघंच निघतात. चांगली गोष्ट आहे. पण घर, शेत आणि तालुक्याचा बाजार एवढ्यातच आयुष्य गेलेल्या जोडप्याला काशीची गर्दी पहिल्या दिवशी बुजवून टाकते. तिथं निभावायचं कसं, ते आज बोलू.

काशी म्हणजेच वाराणसी, बनारस. गंगेच्या एका काठाला ओळीनं ८० हून जास्त घाट आणि त्यांच्या मागं जुन्या, चिंचोळ्या गल्ल्या. समोरून गाय आली तर आपण भिंतीला टेकायचं, इतक्या काही गल्ल्या अरुंद आहेत. त्यातूनच मोटारसायकलीही जातात. आताचं विश्वनाथाचं देऊळ आपल्या अहिल्यादेवी होळकरांनी १७८० मध्ये बांधलं. गंगेवर त्यांच्या नावाचा घाटही आहे. २०२१ मध्ये देवळापासून गंगेपर्यंत मोठी मोकळी वाट झाली, पण आजूबाजूच्या गल्ल्या जुन्याच आहेत. गर्दीच्या वेळी रिक्षा गोदौलिया चौकाच्या आसपासच सोडते. पुढं पायी चालावं लागतं.

आता मुद्द्याचं. बहुतेक जोडप्यांकडं एकच पाकीट आणि एकच मोबाइल असतो, आणि दोन्ही मालकांच्या खिशात. विश्वनाथाच्या देवळात मोबाइल नेता येत नाही, बाहेर जमा करावा लागतो. तपासणीला बायकांची रांग वेगळी असते. म्हणजे नेमकं गर्दीतच दोघांची ताटातूट होते, आणि बाईच्या हातात ना पैसा, ना फोन, ना उतरल्या ठिकाणचं नाव.

म्हणून निघण्याआधी दोन चिठ्ठ्या करा, दोघांच्या दोन. त्यावर धर्मशाळेचं किंवा लॉजचं नाव, गल्ली, जवळचा घाट, तिथला फोन नंबर, एकमेकांचे आणि घरचा नंबर. हिंदीत लिहा. लिपी आपलीच आहे, कुणीही वाचून दाखवील. चिठ्ठी प्लास्टिकच्या पिशवीत घालून कमरेच्या चंचीत ठेवा. पैशाचे दोन वाटे करा. बाईजवळ निदान रिक्षाचं भाडं, दोन वेळचं जेवण आणि एका रात्रीच्या मुक्कामापुरते हवेत. मागून घ्यायचे नव्हेत, निघतानाच मोजून घ्यायचे. बचत गटात आपण हजारोंचा हिशेब ठेवतो, एवढे पैसे नक्की सांभाळू.

रोज बाहेर पडताना भेटायची जागा ठरवा. ‘घाटावर भेटू’ असं मोघम नको. अमुक घाट, अमुक दुकानासमोर, असं नेमकं बोला. चुकामूक झाली तर शोधत फिरू नका, ठरल्या जागी थांबा. दोघंही फिरत राहिलं की गल्ल्यांत गाठ पडत नाही. मदत लागली तर पोलिसांसाठी ११२, रेल्वेसाठी १३९.

पहिला दिवस विसाव्याचा ठेवा. रेल्वेत रात्र काढून आल्यावर लगेच दर्शनाच्या रांगेत उभं राहिलं की पाय सुजतात आणि भांडणं होतात. त्या दिवशी मुक्कामापासून जवळच्या घाटापर्यंत दोनदा जाऊन या, वाट ओळखीची होईल. घाटाच्या पायऱ्या उंच आहेत. जिचे गुडघे दुखतात तिच्या चालीनं दोघांनी चालायचं. रोज एक ठिकाण त्यांच्या आवडीचं, एक आपल्या आवडीचं, असं सकाळीच ठरवून टाका.

दशाश्वमेध घाटावरच्या संध्याकाळच्या आरतीला लवकर जाऊन बसा आणि संपल्यावर गर्दी ओसरू द्या. नावेत बसण्याआधी भाडं माणशी की सगळ्या नावेचं, ते विचारा आणि लाइफ जॅकेट मागून घ्या.

पहिल्यांदा जात असाल तर श्रावणातले सोमवार, महाशिवरात्र आणि कार्तिकी पौर्णिमा टाळा, फार दाटी असते. पावसाळ्यात गंगा चढली की पायऱ्या बुडतात, नावा बंद होतात. डिसेंबर-जानेवारीत धुक्यानं गाड्या खोळंबतात. संक्रांतीनंतर धुकं हटलं की जायला बरं पडतं.

पुढच्या मासिक बैठकीत हिशेब झाला की एक काम करा. प्रत्येकीनं आपल्या घरच्या दोन माणसांचे नंबर न बघता लिहून दाखवायचे. कितीजणींना जमतं ते बघा. ज्यांना जमणार नाही, त्यांनी तिथंच चिठ्ठी लिहून घ्या. काशीलाच कशाला, दवाखान्याला जातानाही ती उपयोगी पडेल.