उजेड-अंधाराचा ताळेबंद

लोणावळ्याजवळच्या कार्ले लेण्यांच्या पायऱ्या चढून, एकवीरा देवीच्या मंदिरापाशी क्षणभर विसावून पर्यटक मुख्य चैत्यगृहात पाऊल टाकतो, तेव्हा प्रथम त्याला फारसे काही दिसत नाही. बाहेरच्या उन्हाने दिपलेले डोळे हळूहळू निवळतात आणि मग एकेक गोष्ट प्रकट होऊ लागते. दोन्ही बाजूंचे स्तंभ, त्यांच्या शीर्षांवरील हत्ती आणि त्यांवर आरूढ झालेली स्त्री-पुरुषांची युगुले, छताच्या सुमारे दोन हजार वर्षे टिकून राहिलेल्या लाकडी कमानी आणि अगदी टोकाला लाकडी छत्र धारण केलेला स्तूप. स्तूपापाशी जाऊन मागे वळून पाहावे, तर प्रवेशद्वारावरचे पिंपळपानाच्या आकाराचे भव्य गवाक्ष आणि त्यापलीकडे लखलखीत आकाश. डोळ्यांना हे सारे एकाच वेळी दिसते. कॅमेऱ्याला मात्र ते दिसत नाही.

कॅमेरा आकाशाकडे पाहून प्रकाश मोजतो तेव्हा स्तंभ काळ्या कोळशासारखे उमटतात. स्तंभांकडे पाहून मोजतो तेव्हा गवाक्षाच्या जागी केवळ एक पांढरा डाग राहतो. घरी येऊन छायाचित्रे पाहणाऱ्या हौशी मंडळींचा येथेच हिरमोड होतो. दोष बहुधा त्यांचा नसतो आणि कॅमेऱ्याचाही नसतो. डोळा दृश्यावरून फिरत राहतो, क्षणोक्षणी प्रकाशाशी जुळवून घेतो, आणि त्या अनेक दृष्टिक्षेपांतून मेंदू एक सलग चित्र रचतो. कॅमेऱ्याला असा एकच दृष्टिक्षेप मिळतो.

दृश्यातील सर्वांत उजळ आणि सर्वांत काळोख्या भागांतील अंतराला तंत्रज्ञ ‘डायनॅमिक रेंज’ म्हणतात. ते अंतर ‘स्टॉप’ या एककात मोजले जाते, आणि एक स्टॉप म्हणजे प्रकाशाची दुप्पट. कार्ल्याच्या गवाक्षासाठी १/५०० सेकंदाचा शटर वेग योग्य ठरत असेल आणि स्तंभांमागच्या अंधारासाठी २ सेकंद लागत असतील, तर हे प्रमाण एकास हजार झाले. म्हणजे सुमारे १० स्टॉप. शिवाय त्या दोन्ही भागांतील स्वतःचे चढउतार वेगळेच. इतका पसारा नेहमीच्या जेपेग छायाचित्रात मावत नाही. जेपेगमध्ये लाल, हिरव्या व निळ्या रंगासाठी ० ते २५५ एवढेच आकडे उपलब्ध असतात. बँकेच्या भाषेत सांगायचे, तर ज्या वहीत २५५ पेक्षा मोठी रक्कम लिहिताच येत नाही, त्या वहीत हजार आणि लाख हे दोन्ही २५५ म्हणूनच नोंदले जातील. मागाहून कोणताही लेखापरीक्षक आला तरी त्याला मूळ रकमा सापडणार नाहीत. जळून पांढरे झालेले आकाश फोटोशॉपमध्ये कितीही काळवंडवले तरी त्यातून ढग परत येत नाहीत, ते याच कारणाने.

यावरचा उपाय संगणकाहून पुष्कळ जुना आहे. गुस्ताव्ह ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकाराने १८५६ आणि १८५७ च्या सुमारास समुद्राची दृश्ये टिपली. त्या काळच्या काचेच्या निगेटिव्ह निळ्या प्रकाशाला अतिशय संवेदनशील असल्यामुळे पाणी नीट आले की आकाश कोरे राहत असे. त्याने आपल्या काही चित्रांत आकाशासाठी एक आणि समुद्रासाठी दुसरी अशा दोन निगेटिव्ह घेऊन, क्षितिजरेषेवर त्या जोडून एकच मुद्रित तयार केले. पाहणारे थक्क झाले. आज संगणकावर जे केले जाते ते तत्त्वतः हेच होय. फरक इतकाच की कार्ल्यात क्षितिजासारखी सरळ रेषा नसते. तेथे उजेड आणि अंधार खांबाखांबांतून एकमेकांत विणलेले असतात.

या विणीचे गणित सोडवणाऱ्यांत एक भारतीय नाव अग्रभागी आहे. मथुरेत जन्मलेले आणि कानपूरच्या आयआयटीत शिकलेले जितेंद्र मलिक यांनी बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात पॉल डेबेव्हेक यांच्यासमवेत १९९७ मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यांनी उदाहरणादाखल निवडलेली जागा पाहिली की कार्ल्याचीच आठवण होते: स्टॅनफर्ड विद्यापीठातील चर्चचा अंधारा अंतर्भाग आणि त्यातील उजळ रंगीत काचांच्या खिडक्या. ३० सेकंदांपासून १/१००० सेकंदापर्यंत, प्रत्येकी एका स्टॉपच्या अंतराने, एकाच जागेवरून १६ छायाचित्रे घेतली गेली. आता एकाच बिंदूचे सोळा आकडे हाती आले. ज्या चित्रात तो बिंदू पूर्ण पांढरा वा पूर्ण काळा आहे, त्या चित्राची साक्ष जवळजवळ निरुपयोगी; मधल्या पट्टीतील आकड्यांवर भरवसा अधिक. अशा सोळा नोंदींचा ताळमेळ घालून त्या बिंदूवरील प्रकाशाचे खरे प्रमाण काढता येते, आणि कॅमेरा प्रकाशाचे आकड्यात रूपांतर कोणत्या वक्राने करतो तेही उलगडते. फोटोशॉपने २००५ च्या सीएस२ या आवृत्तीत ‘मर्ज टू एचडीआर’ ही आज्ञा दिली आणि प्रयोगशाळेतील हे काम हौशी छायाचित्रकाराच्या टेबलावर आले.

छायाचित्रे घेताना

संगणकावरील यश कॅमेऱ्याच्या मागे उभे असतानाच निश्चित होते. चित्रांच्या मालिकेत केवळ शटरचा वेग बदलावा. अ‍ॅपर्चर, आयएसओ, फोकस आणि व्हाइट बॅलन्स यांना हात लावू नये. अ‍ॅपर्चर बदलले तर स्पष्टतेची खोली बदलते आणि चित्रे एकमेकांवर नीट बसत नाहीत. आयएसओ १०० सारखा कमी ठेवावा आणि चित्रे रॉ स्वरूपात घ्यावीत. तेथे २५६ ऐवजी, कॅमेऱ्यानुसार, ४,०९६ किंवा १६,३८४ पायऱ्या मिळतात. दोन चित्रांत दोन स्टॉपचे अंतर पुरते. कार्ल्याच्या उदाहरणात १/५००, १/१२५, १/३०, १/८, १/२ आणि २ सेकंद अशी सहा चित्रे होतील. घराच्या खिडकीतून दिसणाऱ्या अंगणासाठी बहुधा तीनच पुरे होतात.

ट्रायपॉड असल्यास उत्तमच, मात्र पुरातत्त्व खात्याच्या अखत्यारीतील स्मारकांत त्यासाठी पूर्वपरवानगी घ्यावी लागते. ती नसेल तर आयएसओ वाढवून, भिंतीला वा कठड्याला टेकून हातानेच झपाट्याने तीन चित्रे घ्यावीत. त्यांतील किरकोळ सरक संगणक दुरुस्त करतो. मालिकेदरम्यान चालणारी माणसे आणि हलणारी पाने यांचा मात्र ‘भुताटकी’सारखा ठसा उमटतो. एकवीरेच्या जत्रेच्या दिवसांत हा प्रयोग करू नये हे वेगळे सांगावयास नकोच.

संगणकावर

फोटोशॉपमध्ये ‘फाइल’ मेनूतील ‘ऑटोमेट’ या पर्यायाखाली ‘मर्ज टू एचडीआर प्रो’ ही आज्ञा आहे. सहाही फाइली निवडून चित्रे आपोआप जुळवण्याचा पर्याय चालू ठेवावा. हलणाऱ्या वस्तू असतील तर पुढच्या खिडकीतील ‘रिमूव्ह घोस्ट्स’ वापरावा. प्रथम तयार होते ती ३२ बिटची फाइल. या वहीत लाखाची रक्कम लाख म्हणून आणि पैसा पैसा म्हणूनच नोंदला जातो. अडचण अशी की साधा पडदा किंवा छापील कागद हा एवढा पल्ला दाखवूच शकत नाही. म्हणून तो पल्ला आवळून १६ किंवा ८ बिटमध्ये बसवावा लागतो. यालाच ‘टोन मॅपिंग’ म्हणतात.

फोटोशॉप विकत न घेणाऱ्यांसाठी ल्युमिनन्स एचडीआर ही विनामूल्य प्रणाली आहे. गिंपमध्ये तर ल ग्रे यांचीच रीत हाताने अवलंबता येते. उजळ चित्र खाली आणि काळोखे चित्र वर ठेवावे, वरच्या थराला मास्क जोडावा आणि गवाक्षाची जागा सोडून उर्वरित भागावर मऊ ब्रशने काळा रंग फिरवावा. वरच्या थरातले केवळ गवाक्ष शिल्लक राहते. वेळ जास्त लागतो, परंतु उजेड कोठे संपतो आणि अंधार कोठे सुरू होतो याची जी जाण या पद्धतीत येते, ती तयार आज्ञेत येत नाही.

टोन मॅपिंगच्या सरकपट्ट्या हाती आल्या की खरी कसोटी लागते. ‘डिटेल’ वाढवले की दगडाचा कण न् कण उठून दिसतो, ‘शॅडो’ वाढवले की अंधार पळतो, ‘सॅच्युरेशन’ने रंग पेटतात. प्रत्येक पायरीवर चित्र आधीपेक्षा आकर्षक भासते आणि दहाव्या पायरीवर चैत्यगृहाचे मंगल कार्यालय झालेले असते! गवाक्षाच्या कडेभोवती एक फिकट प्रभावळ उमटते, आकाश राखाडी पडते, सावल्यांत रंगीत ठिपके दिसू लागतात. प्रभावळ दिसताच ‘स्ट्रेंग्थ’ कमी करावी आणि ‘रेडियस’ बदलून पाहावा.

परंतु येथे प्रश्न केवळ तांत्रिक नाही. चैत्यगृह कोरणाऱ्यांनी उजेडाची योजना स्वतःच करून ठेवली आहे. एकाच मोठ्या गवाक्षातून येणारा प्रकाश मधल्या दालनातून स्तूपाकडे जावा आणि स्तंभांमागचे प्रदक्षिणापथ सावलीत राहावेत, अशी ती रचना आहे. त्या सावल्या उपसून काढणारे चित्र अधिक माहिती देते हे खरे, पण ते त्या वास्तूचे चित्र उरत नाही. स्तंभशीर्षे वाचता यावीत, गवाक्षातील लाकडी कमानी आकाशासमोर दिसाव्यात, आणि खांबांमागे अंधार अंधारच राहावा, इतपत पुरे. तयार चित्र मालिकेतील मधल्या चित्रावर थर म्हणून ठेवून त्याची ‘ओपॅसिटी’ ६० ते ७० टक्क्यांवर आणली, की अतिरेक बराच निवळतो.

वृत्तछायाचित्रणात तर हा विषय फारच नाजूक आहे. पॉल हॅन्सन या स्वीडिश छायाचित्रकाराने नोव्हेंबर २०१२ मध्ये गाझात टिपलेल्या अंत्ययात्रेच्या चित्राला वर्ल्ड प्रेस फोटोचा सर्वोच्च सन्मान मिळाला, आणि मे २०१३ मध्ये ते अनेक चित्रे जोडून केले असल्याचा आरोप झाला. तज्ज्ञांनी मूळ रॉ फाइल तपासली. चित्र जोडलेले नव्हते. मात्र रंगछटा व उजेड-सावली यांत फेरफार केलेले होते. आरोप खोटा ठरला, तरी त्या चित्राचा झळाळच संशयाला कारण झाला. तारण मालमत्तेच्या पाहणी अहवालास जोडण्याच्या छायाचित्रांनाही हीच सावधगिरी हवी. जोरकस टोन मॅपिंगमुळे गिलाव्यावरची साधी खरबरीतता भेगेसारखी दिसू शकते. तेथे दिवा लावून घेतलेले साधे छायाचित्रच बरे.

आता बहुतेक मोबाईल फोन हे काम न सांगताच करतात. आयफोनमध्ये एचडीआर २०१० मध्ये आले. गूगलने २०१३ मध्ये नेक्सस ५ वर निराळी युक्ती योजली: मुद्दाम काळोखी अशी अनेक चित्रे क्षणार्धात घेऊन ती एकमेकांत मिसळायची. सोय मोठी आहे, यात शंका नाही. सावली किती ठेवायची हे मात्र फोन ठरवतो.

मूळ चित्रांची मालिका हे या उद्योगातील मुद्दल होय, आणि ते मोडू नये. २००५ च्या सुमारास ज्यांनी मूळ फाइली जपल्या, त्यांना तीच दृश्ये आजच्या प्रणालीत पुन्हा, अधिक संयमाने जोडता येतात. त्यांची एक प्रत संगणकात आणि दुसरी बाहेरच्या हार्ड डिस्कवर असावी. ३२ बिटची फाइल आकाराने मोठी असते, पण ती केव्हाही नव्याने तयार होते. जागा कमी पडल्यास आधी पुसायची ती तीच.