डोक्यास मार लागल्यावर : औषधांची कसोटी

डोक्यास जबर मार लागला म्हणजे मेंदूची सारी हानी त्या एका क्षणातच होते, असे नाही. आघाताने काही पेशी तत्काळ मरतात. परंतु पुढील काही तासांत व दिवसांत मेंदूस सूज येते, रक्तस्राव वाढतो, कवटीतील दाब चढतो आणि वाचलेल्या पेशीही निकामी होऊ लागतात. ही दुसरी हानी औषधाने रोखता येईल काय?

सूज उतरवण्यासाठी अशा रुग्णांना तीस वर्षांहून अधिक काळ स्टेरॉइडे दिली जात होती. त्यांनी माणसे जगतात की नाही, हे मात्र पुरेशा मोठ्या संख्येवर कोणी पडताळले नव्हते. १९९९ मध्ये सुरू झालेल्या ‘क्रॅश’ चाचणीने ते काम अंगावर घेतले. चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे निम्म्या रुग्णांना स्टेरॉइड व निम्म्यांना औषधविरहित द्राव देण्यात आला. कोणास काय मिळाले हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांनाही ठाऊक नव्हते. वीस हजार रुग्ण घेण्याचा संकल्प होता. मे २००४ मध्ये १०,००८ रुग्णांवरच चाचणी थांबवावी लागली. दोन आठवड्यांत स्टेरॉइड घेतलेल्यांपैकी २१.१ टक्के दगावले होते, इतरांपैकी १७.९ टक्के.

शंभरामागे तीन अधिक मृत्यू! एखाद्या रुग्णालयात हे कोणाच्या ध्यानातही आले नसते, कारण असे रुग्ण एरवीही दगावतातच. सद्हेतूने दिलेले औषध इतकी वर्षे जीव घेत असावे, हे वाचून आम्ही अस्वस्थ झालो.

बेशुद्ध माणूस संमती कशी देणार, असा आक्षेप अशा चाचण्यांवर घेतला जातो. तो रास्त आहे. म्हणूनच नातलगांची संमती व नीतिसमितीची देखरेख आवश्यक ठरते. पण न तपासलेले औषध टोचतानाही त्या बेशुद्ध माणसाला कोणी विचारले नव्हतेच, हेही आम्हास नमूद करावेसे वाटते.

पुढे प्रोजेस्टेरॉनवर मोठी आशा होती. प्राण्यांवरील प्रयोग उत्साहवर्धक होते. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत माणसांना लाभ दिसला नाही.

२०१९ च्या ‘क्रॅश-३’ चाचणीत १२,७३७ रुग्ण होते. तीत तपासलेले ट्रॅनेक्झॅमिक आम्ल हे जपानमधील ओकामोतो दाम्पत्याने शोधलेले जुने, स्वस्त औषध. ते पेशींचे थेट रक्षण करीत नाही, रक्ताची गुठळी विरघळू न देता रक्तस्राव आवरते. सर्व रुग्ण एकत्र धरता फरक निर्णायक ठरला नाही. तथापि सौम्य व मध्यम इजा झालेल्यांत, तीन तासांच्या आत औषध मिळाल्यास, डोक्याच्या इजेने होणारे मृत्यू घटले. अतिगंभीर रुग्णांत तसा लाभ आढळला नाही. सौम्य व मध्यम इजेतही औषध जितके उशिरा मिळाले, तितका त्याचा गुण कमी झाला.