नळाच्या पाण्यातले ‘औषध’ : भीती किती, गरज किती?

‘पाण्यात औषध मारतात, त्याने कॅन्सर होतो,’ असे बोलणे वस्त्यावस्त्यांतून कानी येते. त्यापायी विहिरीत टीसीएल पावडर टाकू न देणारेही असतात. ही निव्वळ अफवा असती तर आम्ही तिकडे दुर्लक्ष केले असते. पण तीत थोडे तथ्य आहे, म्हणून नीट बोलले पाहिजे.

१९७४ साली हॉलंडमधील रॉटरडॅम शहराच्या पाणीपुरवठ्यातील रसायनतज्ज्ञ योहानेस रूक यांनी दाखवून दिले की, नदीच्या पाण्यात क्लोरीन मिसळल्यावर क्लोरोफॉर्म तयार होते. कुजलेला पाला, गवत, शेवाळ यांचा अंश पाण्यात विरघळलेला असतो. क्लोरीन जंतू मारते, तसेच या अंशाशीही संयोग पावते. त्यातून क्लोरोफॉर्म आणि त्याची भावंडे होतात. त्यांना ट्रायहॅलोमिथेन म्हणतात. पुढे मोठ्या मात्रेत क्लोरोफॉर्म दिलेल्या उंदरांना कॅन्सर झाल्याचे दिसले, आणि १९७९ साली अमेरिकेने या द्रव्यांवर लिटरमागे ०.१ मिलिग्रॅमची मर्यादा घातली.

आपल्याकडेही मर्यादा आहे. भारतीय मानक १०५०० (सन २०१२) प्रमाणे लिटरमागे क्लोरोफॉर्म ०.२ मिलिग्रॅमच्या वर नसावे. गंमत अशी की, त्याच मानकात नळाच्या पाण्यात मोकळे क्लोरीन किमान ०.२ मिलिग्रॅम असावे, असेही लिहिले आहे!

आता जमाखर्च मांडू. एका बाजूला वर्षानुवर्षे पाणी पिऊन उद्भवू शकणारा, तुलनेने फार लहान धोका. दुसऱ्या बाजूला कॉलरा, विषमज्वर, कावीळ. कॉलरा तर धडधाकट माणसालाही काही तासांत नेतो. साथ आली की सरकारी दवाखान्यातल्या खाटा कोणाच्या लेकरांनी भरतात, हे आम्ही सांगायला नको. जागतिक आरोग्य संघटनाही म्हणते, या द्रव्यांच्या भीतीने निर्जंतुकीकरणात कसूर करू नका.

तेव्हा औषध बंद करणे हा उपाय नव्हे. औषधाआधी पाणी स्वच्छ करणे हा आहे. आया-बहिणींनी गढूळ पाण्यात तुरटी फिरवावी, निवळू द्यावे, दुहेरी फडक्याने गाळावे आणि मगच क्लोरीनचे थेंब घालून अर्धा तास थांबावे. उलटा क्रम नको. क्लोरोफॉर्म हवेत उडून जाणारे आहे. झाकण काढून, खिडकी उघडी ठेवून पाणी उकळल्यास ते बरेच निघून जाते. नळाला येणारा उग्र वास मात्र क्लोरीनचा. तेवढ्यावरून पाणी ओतून देऊ नये.

राहिले पालिकेचे काम. टाकी धुणे, वाळूचे गाळणे नीट ठेवणे हे आपल्या हातात नाही, पण विचारणे आहे. १९२७ साली बाबासाहेबांनी महाडला पाण्याचा हक्क बजावला. ते पाणी कसे आहे हे विचारणेही आम्ही त्याच हक्कात धरतो. मोकळे क्लोरीन बाटलीतल्या पिवळ्या रंगावरून जागच्या जागी कळते. ट्रायहॅलोमिथेनला प्रयोगशाळेतले यंत्र लागते. ही तपासणी शेवटची कधी झाली, आकडा किती आला, एवढेच माहितीच्या अधिकाराखाली (कायदा २००५) विचारावे. अर्जाला दहा रुपयांचे तिकीट लागते. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला तेही नाही. कार्डाची झेरॉक्स जोडावी आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये.